पत्त्याचे व्याकरण

दिल्लीतील केंद्र शासनाच्या अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर ईमेलचा पत्ता निराळ्याच रूपात आढळतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी निवडलेले '@' हे चिन्ह तेथे नसते. त्याच्या जागी चौकटी कंसात 'ॲट' आणि टिंबाच्या जागी 'डॉट' असे शब्द रोमन लिपीत लिहिलेले असतात. पत्ते गोळा करून नकोशा पत्रांचा भडिमार करणारी यंत्रणा '@' या खुणेवरून पत्ते हुडकते. तिची फसगत व्हावी म्हणून हा वेशपालट.

परंतु एखाद्या ग्रंथपालास अशा शेकडो पत्त्यांची सूची करावयाची असेल, तर संगणकास त्या पत्त्याचे रूप सूत्राने सांगावे लागते. या सूत्रास 'रेग्युलर एक्स्प्रेशन', म्हणजेच नियमित पदावली, म्हणतात. १९५१ साली स्टीफन क्लीनी यांनी चेतापेशींच्या जाळ्याचा गणिती विचार करताना ही कल्पना मांडली; १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी मजकुरातील शोधासाठी ती संगणकावर राबविली.

समजा, पत्ता 'ग्रंथालय[ॲट]शिक्षण[डॉट]गव्ह[डॉट]इन' असा आहे. त्याचे सूत्र असे: आरंभी एक किंवा अधिक अक्षरे, नंतर '[ॲट]', नंतर एक शब्द, आणि शेवटी '[डॉट] व शब्द' ही जोडी एकदा किंवा अनेकदा.

येथे दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पदावलीच्या भाषेत चौकटी कंसाचा अर्थ 'आतील अक्षरांपैकी कोणतेही एक' असा होतो. म्हणून नुसते '[ॲट]' लिहिल्यास संगणक केवळ 'ए' किंवा 'टी' हे रोमन अक्षर शोधील. कंस हा कंसच समजावा, यासाठी त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. दुसरे असे की, 'अनेकदा' हा शब्द सूत्रातून गळाला, तर पत्ता 'गव्ह'पाशीच तुटतो. 'गव्ह' हे अंत्यनाम तर अमेरिकेतील शासकीय संस्थांसाठी राखीव आहे! दिल्लीचे पत्र भलत्याच देशाच्या दारी जावयाचे.

जे सूत्र ग्रंथपालाच्या हाती येते, ते भडिमार करणाऱ्याच्याही हाती येते. म्हणून हा वेशपालट म्हणजे पडदा होय, कुलूप नव्हे. शिवाय पदावली पत्त्याचे केवळ रूप ओळखते. त्या पत्त्यावर पत्र घेणारा कोणी आहे की नाही, हे पत्र धाडल्यावाचून कळत नाही.