मेलेला माणूस चालला आहे

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचे राज्य आहे. तिथे मिसिसिपी नदीच्या वळणात अठरा हजार एकर जमीन एकाच मालकाची आहे. मालक म्हणजे सरकार, आणि शेतावरचे गडी म्हणजे कैदी. कापूस, मका, सोयाबीन, भाजीपाला यांची कामे तेच करतात. ओळीने खुरपणारी माणसे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा घोड्यावरचा बंदूकवाला, असे तिथले चित्र. मजुरी म्हणाल तर ताशी काही सेंट. एके काळी हा गुलामांच्या घामावर चालणारा मळा होता. आफ्रिकेतल्या अंगोला मुलखातून आणलेल्या गुलामांवरून मळ्याचे नाव अंगोला पडले. मळा गेला, तुरुंग आला, नाव तेच राहिले.

या तुरुंगात काही कैदी असे असतात की त्यांना शेतावर नेत नाहीत. त्यांना मरणाची शिक्षा झालेली असते आणि ते कोठडीत तारखेची वाट पाहत असतात. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट ‘डेड मॅन वॉकिंग’ या १९९५ सालच्या इंग्रजी सिनेमात आहे. कैद्याला शेवटच्या खोलीकडे नेताना पहारेकरी आरोळी देतो, ‘मेलेला माणूस चालला आहे!’ तेच सिनेमाचे नाव. आपल्याकडे दोर, म्हणून आपण फाशी म्हणतो. लुइझियानात पूर्वी विजेची खुर्ची होती आणि १९९१ पासून विषाचे इंजेक्शन आले.

गोष्ट अशी. सिस्टर हेलन प्रेजीन नावाच्या एक नन न्यू ऑर्लिन्स शहरातल्या गरीब वस्तीत काम करतात. मॅथ्यू पॉन्सलेट नावाचा कैदी त्यांना पत्र लिहितो आणि त्या त्याला भेटायला जातात. मॅथ्यू आणि त्याचा एक साथीदार यांनी रानात एका तरुण जोडप्याला गाठले, मुलीवर अत्याचार केला आणि दोघांना ठार मारले, असा आरोप शाबीत झालेला आहे. साथीदाराचा वकील बरा होता, तो जन्मठेपेवर सुटला. मॅथ्यूला मरणाची शिक्षा झाली. मी नव्हे, सगळे त्यानेच केले, असे मॅथ्यू म्हणतो.

आता अशा सिनेमात पुढे काय होते हे आपल्याला पाठ आहे. कैदी निरपराध निघतो, खरा गुन्हेगार शेवटच्या रिळात सापडतो आणि आपण डोळे पुसून घरी जातो. दिग्दर्शक टिम रॉबिन्स यांनी ती सोपी वाट धरली नाही. हा मॅथ्यू चांगला माणूस नाही. तो खोटे बोलतो, काळ्या लोकांना नावे ठेवतो, वार्ताहरांपुढे हिटलरची तारीफ करतो. भेटीला आलेल्या ननशीही तो लघळपणा करून पाहतो. शॉन पेन या नटाने तो असा रंगवला आहे की पहिला तासभर तुम्हांला त्याची कीव येत नाही. मला तरी आली नाही. निरपराध माणसाला मारू नये हे सांगायला सिनेमा कशाला हवा? ज्याने खरेच केले, त्याला सरकारने मारावे का, हा अवघड प्रश्न इथे आहे.

आणि या प्रश्नाची दुसरी बाजू सिनेमाने झाकलेली नाही. दयेच्या अर्जाची सुनावणी असते. मेलेल्या मुलाचा बाप, अर्ल डेलाक्रॉइ त्याचे नाव, तिथे सिस्टरना गाठतो. एकुलता एक मुलगा, त्याच्याबरोबर घराण्याचे नाव बुडाले. तो म्हणतो, तुम्ही त्या खुन्याकडे इतक्या वेळा गेलात, आमच्या दाराशी एकदाही का आला नाहीत? सिस्टरपाशी उत्तर नसते. मग त्या त्याच्या घरी जातात. त्या घराची दशा पाहण्यासारखी आहे. दुःख एकच, पण नवऱ्याने ते एका रीतीने घेतले आणि बायकोने दुसऱ्या, आणि दोघांतला दोराच तुटला. बायको घटस्फोट मागते आहे.

मुलीच्या आईबापांकडे, पर्सी कुटुंबाकडे, त्या जातात तेव्हा तर वेगळेच होते. आईबाप त्यांना मायेने बसवून घेतात, पोरीच्या आठवणी काढतात. त्यांना वाटते, या बाईला आता खरे काय ते उमगले, ही आपल्या बाजूला आली. सिस्टर सांगतात की मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहणार आहे. क्षणात घराचा चेहरा बदलतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही, निघा आमच्या घरातून! त्या मायबापांचा राग चुकीचा आहे असे सिनेमा एका शब्दानेही सुचवत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

मॅथ्यूचा वकील दया मंडळापुढे मांडतो की मरणाच्या कोठडीत श्रीमंत माणूस सापडायचा नाही. पैसा असेल तर चांगला वकील मिळतो आणि पंचांपुढे नीट बाजू मांडली जाते. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९८० साली दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यातच मरणाची शिक्षा द्यावी असे ठरवून दिले. तरी गरिबाला कोर्टात कसा वकील मिळतो, हे बांधाच्या भांडणापायी कोर्टाची पायरी चढलेल्या कोणाही शेतकऱ्याला विचारावे.

अर्ज फेटाळला जातो. शेवटच्या दिवशी मॅथ्यूची आई आणि भाऊ भेटायला येतात. मोठमोठी भाषणे नाहीत. भावंडे उगाच इकडचे तिकडचे बोलत बसतात, मध्येच गप्प होतात, कारण घड्याळ सगळ्यांनाच दिसत असते. सिस्टरनी मॅथ्यूकडे आतापर्यंत एकच धोशा लावलेला आहे: तू काय केलेस ते स्वतःच्या तोंडाने कबूल कर. मी बरोबर आहे म्हणून तुझे पाप आपोआप धुतले जाणार नाही. अगदी थोडा वेळ उरला असताना तो फुटतो. मुलाला मीच मारले, मुलीवरही हात टाकला, असे रडत सांगतो. या सिनेमात ननची माया आंधळी नाही, हे मला सगळ्यांत पटले. क्षमेच्या आधी त्या खरे मागतात.

मग ती खोली. हात फाकलेले, पट्ट्यांनी बांधलेला माणूस. काचेपलीकडे दोन्ही घरचे लोक. मॅथ्यू मुलाच्या बापाची माफी मागतो. माझ्या मरणाने तुम्हांला थोडा तरी आराम पडो, असे मुलीच्या आईबापांना म्हणतो. इंजेक्शन चालू असताना दिग्दर्शक आपल्याला रानातली ती रात्र पुरती दाखवतो. इथे नळीतून औषध उतरते आहे, तिथे पोरे किंकाळ्या फोडताहेत. दोन्ही मरणे एकाच दमात पाहावी लागतात. शिक्षेच्या बाजूने असणाऱ्याला नळीवरून नजर हटवता येत नाही आणि विरोधकाला रानावरून.

सिस्टरचे काम सुझन सॅरंडन यांनी केले आहे आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. बाईच्या तोंडावर रंग नाही, अंगावर साधे कपडे. बहुतेक काम डोळ्यांचे. आणखी एक नवल सांगतो. या अमेरिकन तुरुंगाच्या गोष्टीत पार्श्वसंगीतात आवाज ऐकू येतो तो कव्वालीचे उस्ताद नुसरत फतेह अली खाँ यांचा! ऐकताना परका वाटत नाही.

सिस्टर हेलन ही खरी बाई आहे. १९८४ साली दोन कैद्यांना विजेच्या खुर्चीवर मारताना त्या हजर होत्या. त्यावर त्यांनी १९९३ साली पुस्तक लिहिले, आणि दोघांची मिळून सिनेमात एक गोष्ट झाली. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांकडे आधी गेलो नाही, ही चूक त्यांनी स्वतःच पुस्तकात कबूल केली. पुढे अशा कुटुंबांना आधार देण्याचे कामही सुरू केले. त्या पुस्तकात एक बाप आहे. पोलिसांबरोबर उसाच्या शेतात पोराची ओळख पटवायला गेला, प्रेताशेजारी गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हटली. आमचे अपराध क्षमा कर, या ठिकाणी तो अडखळला नाही. पण क्षमा एकदा करून संपली नाही, ती त्याला पुढे रोज नव्याने करावी लागली.

२०१८ साली पोपनी कॅथलिक पंथाची शिकवण बदलून मरणाची शिक्षा अमान्य ठरवली. लुइझियानात २०१० नंतर पंधरा वर्षे ही शिक्षा अमलात आली नव्हती. मार्च २०२५ मध्ये अंगोलातच एका कैद्याला नायट्रोजन वायू देऊन मारण्यात आले.

सिनेमा दोन तासांचा आहे. रानातला प्रसंग फार कठोर आहे, लहान मुलांना जवळ बसवू नये. मोठ्यांनी एकत्र बसून पाहावा. पाहून झाल्यावर घरात दोन तट पडतील.