जुन्या तरवारीची परीक्षा

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ५० अंगुळांची तरवार उत्तम व २५ अंगुळांची कनिष्ठ ठरविली असून, पात्यावरील व्रण विषम अंगुळावर असल्यास तो अशुभ मानिला आहे. संग्राहकास शुभाशुभाशीं कर्तव्य नाहीं. पण पातें अंगुळाअंगुळानें पाहण्याची ती रीत टाकूं नये.

प्रथम नांवाचा मोह आवरावा. युरोपांतून आलेल्या पात्यास येथील मूठ बसविली म्हणजे ती फिरंग. तिजवर ‘आंद्रेआ फेरारा’ हें इटालियन कारागिराचें नांव दिसतांच विक्रेता किंमत चढवितो. परंतु जर्मनींतील झोलिंगेनच्या कारागिरांनीं तेंच नांव असंख्य पात्यांवर उठविलें आहे. मग एखाद्या सरदाराचें नांव सोन्यानें मागाहून भरणें तें काय अवघड? तरवारीवरील लेख ताम्रपटाप्रमाणेंच तपासावा. अक्षरवटिका व भाषा त्या काळाशीं जुळल्यावांचून तो पुरावा नव्हे.

मूठ व पातें भिन्न काळचीं असणें हा दोष नाहीं, मात्र तें लपविणें हा आहे. सबब सांध्यांतील लाख जुनी कीं ताजी हें पाहावें. घासून लखलखीत केलेलें पातें आम्ही तरी घेणार नाहीं. गंजाबरोबर लेखही झिजतो, जौहरही बुजतो.

१९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें विक्रेत्यास परवाना लागतो. तो पाहूनच पावती घ्यावी, आणि तरवार कोणत्या घराण्यांतून आली तें तींत लिहवून घ्यावें.