वर्गात नंबर कितवा?

संघटनेच्या कचेरीत आमच्याकडे पगाराच्या चिठ्ठ्या येतात, तशी निकालाच्या दिवसांत कॉलेजातल्या मुलांची गुणपत्रकेही येतात. समजा, शंभरांच्या वर्गात फी-माफी पहिल्या वीस जणांना आहे आणि यादी लागावयास अवकाश आहे. पोराने पुढे शिकावे की कारखान्यात चिकटावे, हे बापाला आजच ठरवावयाचे असते. हाती काय? प्रत्येक विषयातले मुलाचे गुण, वर्गाची सरासरी आणि प्रमाण विचलन. एवढ्यावरून एकंदर नंबराचा अदमास बांधता येतो.

दोन खात्यांचा सरासरी पगार एकच असतो. पण एकात सारे जवळजवळ, तर दुसऱ्यात चौघे वर आणि बाकीचे तळाला. हा फैलाव मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याचे इंग्रजी नाव कार्ल पीअर्सन यांनी १८९३ साली रूढ केले.

आता चार विषय घ्या. प्रत्येकात सरासरी ५५, विचलन १५, आणि आपल्या मुलाला प्रत्येकात ६५. गुणांचा फैलाव घंटेच्या आकाराचा मानला, तर दर विषयात त्याच्या वर सुमारे २५ मुले. म्हणजे नंबर २६ वा. मग एकंदरीतही २६ वाच, असे कोणीही म्हणेल. तसे नाही!

बेरीज २६०, वर्गाची सरासरी २२०. मुलगा ४० गुणांनी पुढे. पण विचलनांची सरळ बेरीज करून ६० धरावयाचे नाही. गणितात वर असणारा भाषेत घसरतो, भाषेतला गणितात; बेरजेत ही चढउतार काही अंशी फिटते. विषयांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर एकूण विचलन अवघे ३० येते आणि मुलगा १० वा ठरतो. दोन्ही टोके खोटी. हुशार मूल बहुधा सगळीकडेच बरे असते, म्हणून सहसंबंध मधला, अर्धा, धरला तर विचलन सुमारे ४७, वर सुमारे २० मुले, नंबर २१ वा. एकाही विषयात न चमकता सर्वत्र थोडा पुढे राहणारा असा वर चढतो. (आम्हांला अशी माणसे आवडतात, हे कबूल.)

ज्या विषयाचा फैलाव मोठा, तोच नंबर फिरवितो. सर्वांना सारखे गुण वाटणारा मास्तर कोणाचाच नंबर हलवीत नाही. वर्ग वीसपंचवीस मुलांचा असेल, किंवा निम्मी मुले नापास असतील, तर घंटेचा आकार मोडतो आणि हिशेब लंगडा पडतो. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल ही निराळी गोष्ट. तेथे नव्वद म्हणजे नव्वद गुण नव्हेत, शेकडा नव्वद परीक्षार्थी आपल्या बरोबरीने वा मागे, इतकेच.

आमच्या उदाहरणातला २१ वा नंबर वीसच्या रेषेलगत आहे. सहसंबंध जरा कमी निघाला तर मुलगा आत, जरा जास्त निघाला तर बाहेर. अशा बापाला आम्ही सांगतो, अर्ज आजच भरा, आणि कारखान्याचे यादी लागल्यावर बघू.