कॉर्नियाची जाडी : आकडा एक, मापे अनेक

सानपाड्यापासून पनवेलपर्यंत नवी मुंबईत डोळ्यांच्या रुग्णालयांची आज ददात नाही. चष्मा घालवायला आलेला तरुण असो की काचबिंदूचा संशयित, त्याच्या फाइलमध्ये कॉर्नियाच्या जाडीचा आकडा बहुधा सापडतो. या आकड्याला मान मिळायला मात्र वेळ लागला. गोल्डमन यांनी १९५०च्या दशकात डोळ्याचा दाब मोजण्याचे यंत्र बेतले, तेव्हा जाडी सर्वांची जवळपास सारखीच असते, असे गृहीत धरले होते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की, दाब वाढलेल्यांत पातळ कॉर्निया असणाऱ्यांना काचबिंदूचा धोका अधिक. नागपूरजवळच्या ग्रामीण पाहणीत अल्ट्रासाउंडने सरासरी ५१४ मायक्रॉन आली. पाश्चात्त्यांची त्याच पद्धतीने साधारण ५४० येते. ही तुलना टिकते, कारण दोन्हीकडे माप एकाच जातीचे आहे.

पद्धत बदलली की हा आधार सुटतो. १९५१ मध्ये मॉरिस आणि जियार्दिनी यांनी प्रकाशाने मोजले, पुढे अल्ट्रासाउंड आले, मग ऑर्बस्कॅन, पेंटाकॅम, ओसीटी. निरोगी डोळ्यात ही यंत्रे बरीचशी जुळतात (ऑर्बस्कॅनला मात्र आकडा दुरुस्त करणारा गुणक लागे), आणि नेमके तिथेच आपण गाफील राहिलो. ज्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगतो त्या केराटोकोनसमध्ये सर्वांत पातळ जागा सहसा मध्यापासून खाली सरकलेली असते; हाताने मध्यावर टेकवलेल्या अल्ट्रासाउंडच्या प्रोबला ती सापडतेच असे नाही. सुजलेल्या कॉर्नियात पाणी वाढते, म्हणून ध्वनीचा गृहीत वेग चुकतो. कॉर्निया धुरकट असेल तर प्रकाश विखुरतो आणि प्रकाशावर चालणारे यंत्र चकते.

पाचशेत दहा-वीस मायक्रॉनचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण केराटोकोनस थोपवणाऱ्या क्रॉस-लिंकिंगची रूढ मर्यादा ४०० मायक्रॉन आहे. ३९० आणि ४१० यांमध्ये उपचाराचा मार्ग बदलू शकतो. चष्मा घालवणाऱ्या लॅसिकनंतर कापलेल्या पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन उरावेत, हा दंडकही असाच काटेकोर. नवी यंत्रे डोळ्याला न शिवता मोजतात आणि पुन्हा पुन्हा तोच आकडा देतात, हा दुसरा आक्षेप खरा आहे. मात्र स्वतःशी सुसंगत असणे वेगळे आणि दुसऱ्या यंत्राशी जुळणे वेगळे. आजारी डोळ्यात एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी बसवणे चूकच. तेव्हा वाशीची फाइल पनवेलला नेताना आकड्याशेजारी यंत्राचे नाव लिहिले आहे ना, ते पाहा. आणि आजार वाढतो आहे का हे ठरवायचे असेल, तर दर वेळी त्याच यंत्रावर तपासणी करून घ्या.