मोलर संहतीच्या एककांचे परस्पर रूपांतर : वाशिम परिसरातील भूजलाच्या संदर्भात

सारांश :
पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटर, मिलिमोल प्रति लिटर, मिलिसममूल्य प्रति लिटर अशा निरनिराळ्या एककांत नोंदविले जाते. या एककांचे रूपांतर म्हणजे केवळ दशांशचिन्ह सरकविणे नव्हे. दिलेला आकडा नेमक्या कोणत्या रासायनिक घटकाचा आहे, हे प्रथम निश्चित करणे त्यात अभिप्रेत असते. प्रस्तुत लेखात नायट्रेट व काठिण्य या दोन उदाहरणांद्वारे हा मुद्दा स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : मोल, मोलरता, नायट्रेट, काठिण्य, भूजल.

१. प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. येथील भूभाग प्रामुख्याने बेसाल्ट खडकाचा असून ग्रामीण भागात विहिरी व कूपनलिका हा पाण्याचा मोठा आधार आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात लगतच्या बुलढाणा, अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांचा उल्लेख नायट्रेटच्या समस्येसंदर्भात आलेला आहे. रासायनिक व सेंद्रिय खते, जनावरांचे मलमूत्र आणि सांडपाणी हे नायट्रेटचे प्रमुख स्रोत होत. या पार्श्वभूमीवर पाणी तपासणीचा क्षेत्रीय प्रकल्प विद्यार्थ्यांना देणारा प्राध्यापक कोणत्याही विषयाचा असो, तपासणी अहवालातील एकके त्यास अचूक वाचता येणे आवश्यक ठरते.

२. मूलभूत संबंध :
मोल हे पदार्थाच्या राशीचे एकक आहे. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १०^२३ इतके कण असतात. एक लिटर द्रावणातील द्राव्याच्या मोलसंख्येस मोलरता म्हणतात. एक मोल प्रति लिटर म्हणजेच एक हजार मोल प्रति घनमीटर होय. वस्तुमान व मोल यांचा संबंध पुढीलप्रमाणे आहे :

मिलिमोल प्रति लिटर = मिलिग्रॅम प्रति लिटर ÷ मोलर वस्तुमान

आयनाच्या बाबतीत मिलिमोलला प्रभाराने गुणले असता मिलिसममूल्य मिळते.

३. नायट्रेट : एक पाणी, दोन आकडे :
भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मर्यादा मात्र १० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. प्रथमदर्शनी ही तफावत मोठी वाटते. वस्तुतः पहिला आकडा संपूर्ण नायट्रेट आयनाचा (मोलर वस्तुमान ६२) असून दुसरा केवळ त्यातील नायट्रोजनचा (१४) आहे. मोलमध्ये मांडल्यास ४५ ÷ ६२ = ०.७३ आणि १० ÷ १४ = ०.७१ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत.

आता समजा, एखाद्या उपकरणाने विहिरीच्या पाण्यात 'नायट्रेट-नायट्रोजन २० मिलिग्रॅम प्रति लिटर' असे दर्शविले आणि विद्यार्थ्याने वहीत फक्त 'नायट्रेट २०' असे लिहिले. ४५ या मर्यादेशी तुलना करता ते पाणी पिण्यायोग्य ठरेल. प्रत्यक्षात २० ÷ १४ × ६२ = ८८.६ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे मर्यादेच्या जवळपास दुप्पट नायट्रेट त्यात आहे. अशा पाण्यात कालविलेले दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटवू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट बाष्पीभवनामुळे त्याची संहती वाढते. वहीतून गळालेल्या एका शब्दाची किंमत एवढी मोठी असू शकते.

४. काठिण्य :
काठिण्य हे प्रामुख्याने कॅल्शियम व मॅग्नेशियम या दोन आयनांमुळे येते, तथापि ते कॅल्शियम कार्बोनेटच्या (मोलर वस्तुमान १००) रूपात व्यक्त करण्याचा प्रघात आहे. ५० मिलिलिटर नमुन्यास ०.०१ मोलर ईडीटीए द्रावण १२ मिलिलिटर लागले, असे मानू. ईडीटीए या आयनांशी एकास एक प्रमाणात संयोग पावते. म्हणून नमुन्यात ०.१२ मिलिमोल, अर्थात २.४ मिलिमोल प्रति लिटर इतके काठिण्य आहे. हेच २४० मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम कार्बोनेट किंवा ४.८ मिलिसममूल्य प्रति लिटर होय. हे मूल्य २०० या स्वीकारार्ह मर्यादेहून अधिक, परंतु पर्यायी स्रोत नसताना चालणाऱ्या ६०० या मर्यादेच्या आत आहे.

५. एक दक्षता :
विरल द्रावणात एक मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दशलक्षात एक भाग असे मानता येते, कारण एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम असते. संहत द्रावणात मात्र घनता विचारात घ्यावीच लागते. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची घनता १.१८ धरल्यास मोलरता सुमारे १२ येते. घनता वगळल्यास ती केवळ १०.१ इतकी चुकीची येईल.

६. निष्कर्ष :
वस्तुमानाच्या एककांत घटकाचे नाव बदलले की आकडा बदलतो, मोलमध्ये मात्र एक नायट्रेट आयन आणि त्यातील एक नायट्रोजन अणू यांची गणना सारखीच राहते. म्हणून दोन अहवालांची तुलना करताना दोन्ही आकडे प्रथम मोलमध्ये आणणे हा सुरक्षित मार्ग होय. विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत आकडा, एकक आणि 'कोणत्या रूपात' असे तीन स्वतंत्र रकाने ठेवल्यास ही शिस्त सहज अंगवळणी पडेल.