झाकण उघडायचं नाही!

दुपारचे बारा. मीटिंग ऐन रंगात आलेली. सायलेंटवर ठेवलेला मोबाइल टेबलावर गुरगुरायला लागतो. स्क्रीनवर नाव : बाबा. गेल्या वर्षी हे नाव भलत्या वेळी दिसलं की माझ्या पोटात गोळाच यायचा.

‘‘काय झालं बाबा?’’

‘‘काही नाही गं, घरभर वास सुटलाय. झाकण उघडून बघू का जरा?’’

‘‘अजिबात नाही!’’

अख्खी मीटिंग माझ्याकडे बघायला लागली. आता त्यांना काय सांगणार, की घरी मोरोक्को शिजतंय म्हणून!

त्याचं असं झालं, आई गेल्यावर बाबा आमच्याकडे पुण्याला राहायला आले. वय ७६, तब्येत ठणठणीत, फक्त विसरायला लागलेत. एकदा दूध करपलं. एकदा कुकरमधलं पाणी आटून डाळीचा कोळसा झाला. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंना गॅसचा वास आला, त्यांनी धावत येऊन बेल वाजवली, म्हणून... असो. त्या दिवसापासून आम्ही घराबाहेर पडताना गॅस सिलिंडरवरूनच बंद करायला लागलो. बाबा काही बोलले नाहीत. फक्त दुपारचा डबा अर्धा उरायला लागला आणि रात्री, ‘‘तुम्ही आलात की बसू,’’ म्हणत ते साडेनऊपर्यंत ताटकळायला लागले. आम्ही दोघं येताना पार्सल आणणार, ते बिचारे दोन घास चिवडणार!

मग घरात स्लो कुकर आला. विजेवर चालणारं, आत चिनी मातीचं जाड भांडं असलेलं हे यंत्र. ना ज्योत, ना शिट्टी. सकाळी भरा, बटण दाबा, सुटा. २०० वॅटचा कुकर सहा तास चालला तरी वीज जळते जेमतेम सव्वा युनिट.

शेगडी एक, घरं दोन

स्लो कुकर अमेरिकेतला खरा, पण त्याची मुळं वेगळीच आहेत. इर्व्हिंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्निअसची गोष्ट सांगायची. ज्यू घरांत शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच मांस आणि कडधान्यांचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून यायचं. दुसऱ्या दिवशी गरमागरम जेवण तयार! त्यावरून नॅक्सनला विजेचं भांडं सुचलं. १९४० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं.

गंमत म्हणजे मोरोक्कोतल्या ज्यू घरांतही अगदी हेच चालायचं. तिथे त्या पदार्थाला ‘दफिना’ म्हणतात. माराकेशमधली ‘तंजिया’ तर आपल्यासारख्या बिझी लोकांसाठीच जन्मलीये. सुरईसारख्या मातीच्या भांड्यात मटण, लसूण, जिरं, केशर आणि खारवलेलं लिंबू भरायचं, तोंड कागदाने बांधायचं आणि हमामच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या भट्टीच्या राखेत ठेवून कामाला जायचं. संध्याकाळी येताना भांडं घेऊन यायचं. कामकरी, एकट्या पुरुषांचा हा पदार्थ. बॅचलर्स, ऐकताय ना?

जगाला माहीत असतं ते ‘ताजिन’. हे भांड्याचंही नाव आणि त्यात शिजणाऱ्या रश्श्याचंही. शंकूसारख्या झाकणाला वाफ लागते आणि थेंब होऊन परत खाली उतरते. मंद निखारा आणि घट्ट झाकण, एवढंच त्याचं गुपित. स्लो कुकर दुसरं काय करतो?

‘चिकनमध्ये जर्दाळू?’

बाबांचा पहिला प्रश्न हाच होता. मटणाचा रस्सा म्हणजे तिखट आणि तर्रीचा, हे त्यांचं सत्तर वर्षांचं मत. मी त्यांना मुंबईतल्या पारशी जर्दाळू चिकनची आठवण करून दिली. नोकरीच्या दिवसांत मित्राच्या घरी त्यांनी ते चापून खाल्लं होतं. मग गाडी रुळावर आली.

मसालेही परके नाहीत. सुंठ, हळद, जिरं, दालचिनी, मिरी, केशर, सगळं आपल्याच डब्यातलं. मोरोक्कोतला मिश्र मसाला म्हणजे ‘रास एल हानूत’. शब्दशः अर्थ ‘दुकानाचं डोकं’, म्हणजे दुकानातला अव्वल माल. आपल्या गोड्या मसाल्यासारखंच, दर दुकानाचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटणार!

साहित्य (चौघांसाठी)

चिकनचे हाडासकट लेग पीस १ किलो, उभे चिरलेले कांदे ३, ठेचलेल्या लसूण पाकळ्या ६, सुंठपूड, जिरेपूड, धणेपूड प्रत्येकी १ छोटा चमचा, हळद आणि मिरपूड अर्धा-अर्धा चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा, कोमट पाण्यात भिजवलेलं चिमूटभर केशर, जर्दाळू १२ ते १५, मध १ मोठा चमचा, ऑलिव्ह ऑइल २ मोठे चमचे, तळलेले बदाम, भाजलेले तीळ, कोथिंबीर, अर्धं लिंबू, मीठ.

कृती

सकाळी कढईत तेल तापवून कांदा सोनेरी करा. लसूण आणि कोरडे मसाले घालून मिनिटभर परता. ही पायरी आळसाने गाळू नका, कुकरची मंद आच मसाल्याचा कच्चेपणा घालवत नाही. हे सगळं कुकरच्या भांड्यात घाला, वर चिकन, मीठ, दालचिनी, केशर आणि फक्त अर्धी वाटी पाणी. हो, एवढंच! यातलं पाणी आटत नाही, उलट चिकन आणि कांद्यालाच पाणी सुटतं. ‘लो’वर सहा तास लावा. ऑटोमॅटिक मॉडेल असेल तर नंतर ते आपोआप ‘वॉर्म’वर जातं.

संध्याकाळी घरी आलात की चिकन हलक्या हाताने ताटात काढा. रस्सा कढईत ओता, त्यात तासभर भिजवून बिया काढलेले जर्दाळू आणि मध घालून मोठ्या आचेवर दहा मिनिटं आटवा. लिंबू पिळा, रस्सा चिकनवर ओता. वरून बदाम, तीळ, कोथिंबीर.

एवढं सांभाळा

* फ्रोझन चिकन थेट घालू नका. नीट गरम व्हायला त्याला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात जंतू वाढतात. ‘डिले स्टार्ट’ लावून कच्चं चिकन तासन् तास बाहेर ठेवणंही तितकंच वाईट.
* ब्रेस्ट पीस सहा तासांत कोरडे पडतात. लेग पीसच घ्या.
* भांडं अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.
* याच कुकरमध्ये राजमा करायचा मोह झाला, तर आधी भिजवून ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही.
* आणि झाकण! एकदा उघडलं की साठलेली वाफ गेली. शिजायला किमान पंधरा-वीस मिनिटं जास्त.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतेय. पहिला प्रयोग शनिवारी केला होता. बाबांनी ‘फक्त तीनदा’ डोकावून पाहिलं. सहा तासांनी हाडाजवळचं चिकन अजून कच्चंच! आणखी तासभर ‘हाय’वर ठेवलं, तेव्हा कुठे साडेनऊला पानं घेतली.

आता मात्र झाकणाची जबाबदारी बाबांवरच आहे. उघडायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. वर्षभर ज्या माणसाला आम्ही ‘कशाला हात लावू नका’ एवढंच सांगत होतो, त्याला स्वयंपाकघरात पुन्हा एक काम मिळालंय. बदाम सोलून ठेवणं, तीळ निवडणं हे त्यांचं त्यांनीच वाढवून घेतलं.

मोरोक्कोत ताजिन कुसकुसबरोबर नाही, तर पावाबरोबर खातात, तेही सगळ्यांनी मिळून एकाच भांड्यातून. प्रत्येकाने आपापल्या समोरच्या बाजूने. परवा आम्हीही मोठी परात मध्ये ठेवली, बरोबर लादी पाव. बाबांनी माझ्या बाजूला एक जर्दाळू सरकवला आणि म्हणाले, ‘‘तुझ्या आईला आवडलं असतं हे. तिखट कमी आहे म्हणाली असती, पण आवडलं असतं.’’

घड्याळात आठ वाजले होते. डबा रिकामा होता, परातही.