टोळधाड क्वचितची, बांधावरचा नाकतोडा दरसालचा



गेल्या भाद्रपदात एक सभासद सकाळी सकाळीच गट ऑफिसात आले. हातात काचेची बरणी आणि बरणीत पाच-सहा हिरवे-पिवळे किडे. "साहेब, टोळधाड आली. आठ-दहा गुंठे आडसाली खाऊन बसली," एवढे बोलून ते बाकावर टेकले. आम्ही त्यांच्याबरोबर रानात गेलो. बांधाकडच्या सात-आठ सऱ्यांतल्या कोवळ्या उसाला पाने म्हणून राहिलीच नव्हती, नुसत्या मधल्या शिरा उभ्या होत्या. आतल्या सऱ्या मात्र हिरव्यागार. ते पाहून आम्ही त्यांना म्हणालो, "ही टोळधाड नव्हे. टोळधाड आभाळातून उतरते, ती बांध बघून खात नाही. हा तुमच्याच बांधात जन्मलेला नाकतोडा आहे."

त्यांना ते पटायला वेळ लागला. बऱ्याच सभासदांचा असाच समज असतो, म्हणून या अंकात दोन्ही किड्यांची माहिती देत आहोत.

टोळधाड कशी होते?

टोळ हा नाकतोड्याचाच भाऊबंद. वाळवंटी टोळ एकटा-दुकटा असतो तेव्हा गरीब नाकतोड्यासारखाच राहतो. वाळवंटात चांगला पाऊस झाला की त्याची पैदास वाढते. पुढे हिरवा चारा आटू लागला की हे किडे उरलेल्या चाऱ्यावर दाटी करतात. एकमेकांचे अंग, विशेषतः मागचे पाय, सारखे घासू लागले की त्यांचा स्वभावच पालटतो. रंग बदलतो आणि झुंड बांधून ते निघतात. एकटा राहणारा आणि झुंडीने फिरणारा टोळ ही एकाच किड्याची दोन रूपे असतात, हे १९२१ साली युवारॉव्ह या शास्त्रज्ञाने मांडले.

एक चौरस किलोमीटर पसरलेल्या झुंडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. एक टोळ दिवसाला आपल्या वजनाएवढे, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम खातो. अशी एक झुंड एका दिवसात पस्तीस हजार माणसांच्या अन्नाएवढा पाला फस्त करते, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. वाऱ्याबरोबर ती दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जाते.

२०१८ साली मे आणि ऑक्टोबरमध्ये दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला. तेथे वाढलेली पैदास पुढे आफ्रिका, इराण, पाकिस्तानात पसरली. त्यातूनच राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून मे २०२० मध्ये झुंडी आपल्या अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरल्या. त्या वेळी गावोगाव लोकांनी थाळ्या आणि डबे वाजवले. आवाजाने टोळ उठतो हे खरे, पण उठून शेजारच्याच रानात बसतो. झुंड रात्री झाडांवर मुक्कामाला थांबते, तेव्हा रात्री किंवा पहाटे तिच्यावर फवारणी करणे हाच खरा उपाय. ते एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. त्यासाठी केंद्र सरकारची टोळ सूचना संघटना १९३९ पासून आहे. झुंड दिसली तर ती कोठे आणि किती वाजता उतरली हे ताबडतोब कृषी खात्याला आणि गट ऑफिसला कळवावे, एवढे आपले काम.

वाळवंटी टोळाला अंडी घालायला ओलसर वाळूची जमीन लागते. आपली काळी, चिकण रानं त्याचे घर नव्हेत. सह्याद्रीच्या जंगलात थंडी काढणाऱ्या 'बॉम्बे टोळा'ने १९०१ ते १९०८ या काळात आपल्या भागात धाडी घातल्या होत्या. त्यानंतर तशा धाडी झाल्या नाहीत. तेव्हा टोळाची भीती मनातून काढा आणि नजर बांधाकडे वळवा.

नाकतोड्याचे वर्ष

ऊस, भात, ज्वारी खाणाऱ्या या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी होते. मादी साधारण आश्विन-कार्तिकात शेपटाकडचा भाग मातीत खुपसून दोन-तीन इंच खोल अंडी घालते. एका वेळी तीस-चाळीस अंडी असतात. त्यांच्याभोवती ती फेस सोडते. तो वाळला की मातीसकट कठीण बोंड तयार होते. फोडून पाहिले तर आत भाताच्या दाण्यासारखी पिवळसर अंडी दिसतात.

नांगरलेल्या रानात ही बोंडे फारशी टिकत नाहीत. टिकतात ती न हललेल्या जमिनीत, म्हणजे बांध, पाटाच्या कडा आणि पडीक तुकडा येथे. हिवाळा-उन्हाळा तशीच पडून राहतात आणि मृगाचा चांगला पाऊस झाला की फुटतात. बाहेर पडलेल्या पिलांना पंख नसतात. ती आधी बांधावरचे गवत खातात, सहा-सात वेळा कात टाकतात आणि श्रावण-भाद्रपदापर्यंत पंख फुटून मोठी होतात. नेमकी तेव्हाच आपली आडसाली लागण कोंब धरून वीतभर-हातभर झालेली असते. बांधावरचे गवत निबर झाले की किडा शेजारच्या कोवळ्या उसात शिरतो.

म्हणजे किडा आपल्याला दिसतो भाद्रपदात, पण तो सात-आठ महिने बांधात निजलेला असतो. पळता येत नाही, उडता येत नाही, अशा त्या काळातच त्याला गाठले पाहिजे.

बांध का हलवला जात नाही?

हे सर्व ऐकून ते सभासद म्हणाले, "साहेब, बांधाला कुदळ लावली की भावकी काठी घेऊन उभी राहते." त्यांचे म्हणणे खोटे नाही. बांध कोरण्यावरून आपल्याकडे सख्खे भाऊ कोर्टात गेलेत. म्हणून दोन्ही बाजूचे मालक बांधाला हात लावत नाहीत. गवत माजते आणि दोघांच्या भांडणात नाकतोडा सुखाने नांदतो. एकाने आपली बाजू साफ केली तरी दुसऱ्या बाजूची पिले पहिल्याच्या उसात येतात, कारण उडी मारायला त्यांना सात-बारा लागत नाही.

बांध तासणे म्हणजे बांध कोरणे नव्हे. हे काम असे करावे:

१) चैत्र-वैशाखात, उन्हाचा कडाका असताना, दोन्ही बाजूच्या मालकांनी दिवस ठरवून समोरासमोर उभे राहून काम करावे. आधी बांधाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे नंतर तक्रार राहत नाही. सांगितल्यास आमचा चिटबॉय त्या दिवशी हजर राहील.

२) गवत कापून वैरणीला न्यावे. मग कुदळीने किंवा खुरप्याने बांधाचा माथा आणि दोन्ही कडा फक्त दोन-तीन इंच मोकळ्या कराव्यात. ट्रॅक्टर किंवा जेसीबी घालू नये.

३) माती आठ-दहा दिवस उन्हात तशीच ठेवावी. उघडी पडलेली बोंडे उन्हाने वाळतात, साळुंक्या, बगळे आणि घरच्या कोंबड्या ती वेचतात.

४) वळवाच्या पावसाआधी तीच माती पुन्हा बांधावर ओढून चोपावी, नाहीतर पहिल्याच सरीला बांध वाहून जाईल.

बांध पेटवून देऊ नये. जाळ वरचे गवत खातो, दोन-तीन इंच खालच्या अंड्यांना त्याची झळ लागत नाही. उलट पाखरांची घरटी जातात आणि शेजारचा फड पेटण्याचा धोका राहतो.

पिले निघालीच तर?

मृगानंतर सकाळी बांधावरून चालत जावे. पायापुढे बारीक पिले टुणटुण उडताना दिसली की हीच फवारणीची वेळ समजावी. पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, दोनशे ग्रॅम साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करावे. याने पिले लगेच मरत नाहीत, पण गवत कडू लागून त्यांचे खाणे कमी होते. फवारणी बांधावर आणि कडेच्या तीन-चार सऱ्यांवर करावी, सगळ्या रानावर नको. प्रादुर्भाव जास्त असेल तर रासायनिक औषध कृषी सहाय्यकांना विचारूनच घ्यावे, आणि त्या बांधाचे गवत जनावरांना घालू नये.

कोणाच्या घरी जुनी भुकटी शिल्लक असेल तर ती काढू नका. बी.एच.सी. भुकटीवर १९९७ साली बंदी आली. मिथिल पॅराथिऑन आणि कार्बारिल यांवर २०१८ साली आली.

डोक्याएवढ्या उसात पाने खाल्लेली दिसली तर घाबरून पंप पाठीवर घेऊ नये. उसाचा वाढीचा कोंब पोंग्यात आत सुरक्षित असतो. खाल्लेल्या पानांमुळे वाढ काही काळ रेंगाळते, पण नवे पान येत राहते. पाणी आणि खत वेळेवर असेल तर ऊस बराच सावरतो. उंच पिकात फवारताना औषध आपल्याच तोंडावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये. चार टन ऊस कमी आला तर पुढच्या वर्षी भरून निघेल. घरचा माणूस गेला तर तो कुठल्याही हप्त्यात भरून निघत नाही.

आमची विनंती

एकट्याने एक बांध तासून फारसा उपयोग होत नाही, शिवार मिळून केले तरच होतो. आपण सर्वांनी मिळून कारखाना उभा केला, बांध तासणे त्यापुढे काहीच नाही. ज्या शिवारातले सभासद एकत्र येऊन दिवस ठरवतील त्यांनी गट ऑफिसात नावे द्यावीत. शेती विभागाचा माणूस तेथे येईल. अंड्यांची बोंडे कशी ओळखायची तेही तो दाखवेल.

बरणी घेऊन आलेले ते सभासद यंदा चैत्रात पुन्हा ऑफिसात आले. या वेळी बरणी नव्हती, बरोबर शेजारचे चुलतभाऊ होते. दोघांनी मिळून खुंट्या ठोकायचा दिवस विचारला. आपणही विचारावा.